आयव्हन डायस आणि पोपच्या राजदूताची नोकरी

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आयव्हन डायस १९९६ मध्ये मुंबईचे आर्चबिशप म्हणून नेमले गेले, पण त्याआधी चौदा वर्षं ते आर्चबिशपच होते, आणि त्या काळात त्यांचा स्वतःचा असा धर्मप्रांत नव्हता. ते पोपचे राजदूत होते म्हणे. मग धर्मगुरू राजदूत होतो कसा, दिवसभर तो करतो काय, आणि सेमिनरीत शिकणाऱ्या भाच्याला या वाटेने जायचं असेल तर त्याने काय करावं?

मी स्वतः राजदूत नाही. वसई भागातला धर्मगुरू आहे, कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकलो आणि उमेदीची बरीच वर्षं धर्मप्रांताच्या कचेरीत फायली सांभाळण्यात गेली. दिल्लीत चाणक्यपुरीतल्या नीती मार्गावर पोपच्या राजदूताची, म्हणजे नुन्सिओंची कचेरी आहे. तिथे कोणते कागद जातात, कोणते येतात आणि कोणते जाऊन परत कधीच दिसत नाहीत, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळतं.

आधी 'आर्चबिशप'चा गुंता सोडवू. नुन्सिओला ज्या देशात पाठवतात तिथल्या बिशपांशी त्याचा रोजचा संबंध येतो. कधी त्यांना दोन शब्द सुनवावेही लागतात. साध्या फादरने ते केलं तर चालायचं नाही, म्हणून त्याला आर्चबिशपपदाची दीक्षा देतात. आता प्रत्येक बिशप कुठल्या तरी धर्मप्रांताचा असावा लागतो. त्यावर जुना तोडगा असा, की इतिहासजमा झालेल्या एखाद्या प्राचीन धर्मप्रांताचं नाव त्याला द्यायचं. डायस यांच्या वाट्याला रुसुबिसिर आलं, उत्तर आफ्रिकेतलं. तिथे ना चर्च, ना माणसं. १९ जून १९८२ रोजी त्यांचा दीक्षाविधी झाला, व्हॅटिकनचे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्डिनल अगोस्तिनो कासारोली यांच्या हस्ते.

बाकी राजदूत म्हणून नुन्सिओचा दर्जा पक्का आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या चौदाव्या कलमात राजदूत आणि नुन्सिओ एकाच पंक्तीत बसवलेत. काही कॅथलिक देशांत तर नुन्सिओ आपोआप सगळ्या राजदूतांचा ज्येष्ठ ठरतो, मग तो कालच आलेला का असेना. इतर देशांना हे मानवत नाही. दिल्लीत ज्येष्ठता हजेरीच्या वर्षांवर ठरते. जिथे हा मान मिळत नसे तिथे १९६५ पासून 'प्रो-नुन्सिओ' नेमायचे, नव्वदच्या दशकात तो भेद बंद झाला. डायस घानाला गेले ते प्रो-नुन्सिओ म्हणूनच. भारताचे होली सीशी, म्हणजे पोपच्या मध्यवर्ती सत्तेशी, राजनैतिक संबंध १९४८ पासून आहेत. गंमत अशी, की इटलीतल्या राजदूताकडेच होली सीचंही काम द्यायचं, हे व्हॅटिकनला चालत नाही. त्यामुळे आपला राजदूत रोममध्ये दूतावास असतानाही स्वित्झर्लंडमधल्या बर्नमधून हे काम सांभाळत आला आहे.

आता काम. नुन्सिओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा-पिवळा झेंडा लावलेली गाडी आणि राष्ट्रपती भवनातला समारंभ येतो. तेही असतंच. पण कॅनन ३६४, म्हणजे चर्चच्या कायद्याचं ३६४ वं कलम, काढून वाचा. त्यात पोप आणि स्थानिक धर्मप्रांत यांच्यातला धागा घट्ट करणं हे मुख्य काम सांगितलंय, आणि सरकारशी बोलणी वगैरे विषय त्याच्या पुढच्या, ३६५ व्या कॅननमध्ये येतो. क्रम उगाच लावलेला नाही. नुन्सिओ चांगला की बेताचा, हे मी तरी एकाच गोष्टीवरून ठरवतो: त्याने बिशप म्हणून कोणती माणसं पुढे केली. मेजवान्या आणि भाषणं विसरली जातात. चुकीचा बिशप मात्र पंच्याहत्तरीपर्यंत बसतो आणि लोकांना तो निमूट सोसावा लागतो.

हे काम कसं चालतं ते जरा जवळून सांगतो, कारण बाहेर याबद्दल फार अफवा असतात. दर तीन वर्षांनी निदान एकदा त्या त्या प्रांतातले बिशप एकत्र बसून बिशपपदाला लायक धर्मगुरूंची गुप्त यादी करतात आणि रोमला पाठवतात. एखादी जागा रिकामी झाली की नुन्सिओ चाचपणी सुरू करतो. आसपासच्या बिशपांना विचारतो, बिशप्स कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना विचारतो, त्या धर्मप्रांताच्या सल्लागार मंडळातल्या काहींना विचारतो, आणि वाटलं तर इतर धर्मगुरूंना व प्रापंचिकांनाही. विचारतो म्हणजे पत्र येतं. साधं जाडसर पाकीट, आत छापील प्रश्नावली आणि एका फादरचं नाव. प्रकृती कशी आहे? घराण्यात काही आजार? प्रार्थनेत नियमित आहे का? चर्चच्या शिकवणीबद्दल मतं काय? हाताखालच्यांशी कसा वागतो? पैशाच्या व्यवहारात कसा आहे? लोकांत पत काय? उत्तर लिहून मूळ प्रश्नावलीसकट परत पाठवायचं, प्रत ठेवायची नाही, कुणाला सांगायचं नाही, आणि ज्याच्याबद्दल विचारलंय त्याला तर नाहीच नाही. याला 'पोंटिफिकल सिक्रेट' म्हणतात. मला असं पत्र कधी आलं का, ते विचारू नका.

आलेल्या सगळ्या उत्तरांतून नुन्सिओ तीन नावं निवडतो. त्या यादीला 'तेर्ना' म्हणतात. तिच्यासोबत तो स्वतःचं मत जोडतो, आणि इथेच त्याची सत्ता आहे. रोममध्ये त्यावर विचार होतो आणि शेवटी पोप ठरवतात. ते तिन्ही नावं बाजूला सारू शकतात. भारतातल्या लॅटिन (म्हणजे रोमच्या पूजापद्धतीच्या) विधीच्या धर्मप्रांतांची ही फाईल बिशपांच्या नेहमीच्या खात्याकडे जात नाही. ती सुवार्ताप्रसाराच्या खात्याकडे जाते, कारण चर्चच्या लेखी आपण अजून 'मिशन'चा मुलूख आहोत. हे खातं लक्षात ठेवा, डायस यांच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

डायस वांद्र्याचे, मूळ गोव्याच्या घराण्यातले. जन्म १४ एप्रिल १९३६, धर्मगुरुपदाची दीक्षा ८ डिसेंबर १९५८. तीनच वर्षांत, १९६१ मध्ये, त्यांना रोमच्या पॉन्टिफिकल एक्लेझिअॅस्टिकल अकॅडमीत पाठवलं गेलं. ही १७०१ मध्ये सुरू झालेली संस्था पियाझा देल्ला मिनेर्व्हा या चौकात आहे, बर्निनीचा पाठीवर शिलास्तंभ घेतलेला हत्ती उभा आहे तिथे. व्हॅटिकनचे मुत्सद्दी इथेच तयार होतात. डायस यांनी त्या काळातच लॅटरन विद्यापीठातून कॅनन लॉची डॉक्टरेट केली आणि १९६४ मध्ये ते सेवेत रुजू झाले. पहिलंच काम मिळालं ते घरचं: त्या वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी मुंबईला येणार होते, त्या दौऱ्याच्या तयारीचं. ओव्हल मैदानावरचा तो सोहळा आमच्या आधीच्या पिढीने पाहिला. अठ्ठावीस वर्षांच्या या फादरचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पुढची वर्षं स्कँडिनेव्हिया, इंडोनेशिया, मादागास्कर अशा ठिकाणी नुन्सिओंच्या हाताखाली सचिव म्हणून गेली. या टप्प्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही नसतं. वर्तमानपत्रांची कात्रणं, त्यांची भाषांतरं, रोमला जाणारे अहवाल, सांकेतिक तारा, हिशेब. नुन्सिओची कचेरी म्हणजे काही मोठा दूतावास नसतो. नुन्सिओ, एखाद-दोन फादर, काही सिस्टर्स आणि थोडे स्थानिक कर्मचारी. त्या चार भिंतींत वरिष्ठाशी पटलं नाही तर जायचं कुठे, हा प्रश्न असतो. १९७३ ते १९८२ ते व्हॅटिकनच्या सचिवालयात टेबलावर होते. त्यांच्याकडच्या देशांत सोव्हिएत संघ, चीन, व्हिएतनाम होते, शिवाय आफ्रिकेतले बरेच. कासारोलींचा तो काळ. कम्युनिस्ट सरकारांशी जमेल तेवढी बोलणी करून चर्चचा जीव वाचवायचा, हे धोरण होतं. काहींना ते शहाणपण वाटे, काहींना शरणागती. तुरुंगात पडलेल्या बिशपांना ते कसं वाटत असेल, याचा विचार करून मला आजही कासारोलींच्या बाजूने ठामपणे बोलवत नाही. पण कागदावरच्या एका ओळीमागे किती माणसं अडकलेली असतात, हे डायस त्या टेबलावर शिकले असणार.

१९८२ मध्ये घाना, टोगो आणि बेनिन असे तीन देश एकदम मिळाले. घानात काही महिन्यांपूर्वीच रॉलिंग्ज यांनी बंड करून सत्ता घेतली होती, बेनिनमध्ये मार्क्सवादी राजवट होती, टोगोत एयादेमांची लष्करी हुकूमशाही. एकाच माणसाने तीन तऱ्हेच्या सत्तांशी तीन तऱ्हेने बोलायचं. १९८७ मध्ये दक्षिण कोरियाला बदली झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सोलच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी आंदोलन पेटलं होतं आणि विद्यार्थ्यांनी म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये आसरा घेतला होता. तिथले कार्डिनल किम सू-ह्वान सरकारला तोंडावर बोलणारे होते. अशा वेळी नुन्सिओची कसोटी लागते. कार्डिनलच्या पाठीशी उभं राहायचं, पण सरकारशी बोलण्याचं दार बंद करायचं नाही. १९८९ मध्ये सोलमध्ये युकॅरिस्टिक काँग्रेस झाली आणि पोप दुसरे जॉन पॉल तिथे गेले. म्हणजे मुंबईत सुरुवात झालेलं तयारीचं काम पंचवीस वर्षांनी पुन्हा समोर आलं, या खेपेस नुन्सिओच्या खुर्चीवरून.

मग आल्बेनिया. या कारकिर्दीबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर ते मुख्यतः इथे आहे.

एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने १९६७ मध्ये देशातली दोन हजारांहून अधिक प्रार्थनास्थळं बंद केली. त्यात मशिदी होत्या, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चं होती, दर्ग्यांसारखे तेक्केही होते. १९७६ च्या राज्यघटनेत लिहिलं, की राज्य कुठलाही धर्म मानत नाही. श्कोदर शहरातलं कॅथलिकांचं कॅथेड्रल खेळांचं सभागृह झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला श्त्येफन कुर्ती नावाच्या वृद्ध फादरना एका मुलाला बाप्तिस्मा दिला म्हणून गोळ्या घातल्या. नोव्हेंबर १९९० मध्ये श्कोदरच्या दफनभूमीत पहिली उघड मिस्सा (चर्चचा पूजाविधी) झाली तेव्हा मिस्सा करणारा फादर स्वतः वर्षानुवर्षं तुरुंगात काढून आलेला होता. सप्टेंबर १९९१ मध्ये होली सीशी संबंध पुन्हा जुळले आणि ऑक्टोबरात वांद्र्याच्या डायस यांना तिथे नुन्सिओ नेमलं.

कचेरीत बसलेल्या माणसाच्या नजरेने या नेमणुकीकडे पाहा. वर सांगितलेली सगळी पद्धत एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे विचारायला माणसं आहेत. प्रांतातले बिशप, सल्लागार मंडळ, तीन वर्षांची यादी. इथे त्यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. उरलेले धर्मगुरू म्हातारे, तुरुंगाने आणि मजुरीच्या छावण्यांनी खंगलेले. सेमिनरी नाही, म्हणजे दोन पिढ्या नवे फादर नाहीत. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या जिथे तिथे नष्ट झालेल्या किंवा जप्त. आणि पोलिसी राजवटीनंतर प्रत्येक देशात येतो तो नाजूक प्रश्न: कोण टिकला, कोण मोडला, कुणी कुणाबद्दल काय सांगितलं. प्रश्नावली पाठवून याची उत्तरं मिळत नाहीत. जाऊन बसावं लागतं, त्यांच्या भाषेत ऐकावं लागतं. डायस यांना डझनभराहून जास्त भाषा येत असं सांगतात. एरवी अशा गोष्टी कौतुकाने फुगवलेल्या असतात, पण या नेमणुकीत भाषा ही हौस नव्हती, तिच्यावाचून काम अडलं असतं.

दक्षिण आल्बेनियात तर कॅथलिक मूठभर आणि त्यांना सांभाळायला बिशप नाही. म्हणून १९९२ पासून त्या भागाची जबाबदारीही अपोस्टोलिक ॲडमिनिस्ट्रेटर (पोपच्या वतीने कारभार पाहणारा) म्हणून नुन्सिओंकडेच दिली. एरवी नुन्सिओला धर्मप्रांताचा कारभार करायचा नसतो. त्याने देखरेख करावी, सल्ला द्यावा, हात घालू नये, असाच दंडक आहे. इथे दुसरा कुणी नव्हताच.

निकाल दिसला २५ एप्रिल १९९३ रोजी. पोप दुसरे जॉन पॉल आल्बेनियात आले आणि श्कोदरच्या त्याच कॅथेड्रलमध्ये, जिथे प्रेक्षक बसून खेळ पाहत असत, त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. फ्रानो इल्लिया, झेफ सिमोनी, रोबेर्त आश्ता आणि रोक मिरदिता. ही चार नावं मी मुद्दाम देतो, कारण नुन्सिओचं काम या नावांत आहे. इल्लियांना होजाच्या काळात फाशीची शिक्षा झाली होती, ती नंतर जन्मठेपेसारख्या दीर्घ कैदेत बदलली. सिमोनीही तुरुंग भोगून आलेले. आश्ता फ्रान्सिस्कन संघाचे. मिरदिता मात्र वेगळे: ते न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित आल्बेनियन लोकांचं चर्च सांभाळत होते, त्यांना राजधानीच्या जागेवर आणलं. ज्यांनी सोसलं त्यांना मान देणं आणि ज्याला बाहेरच्या जगात चर्च कसं चालतं ते ठाऊक आहे असा एक माणूस आत आणणं, ही जोडणी विचारपूर्वक केलेली आहे. सगळे चार परदेशातून आणले असते तर लोक म्हणाले असते, आम्ही मार खाल्ला आणि खुर्च्या यांना. सगळे चार तुरुंगातले घेतले असते तर कारभार थकला असता. तेर्नाची फाईल मी पाहिलेली नाही, ती कुणीच पाहत नाही. पण निवड वाचता येते.

पुढच्या वर्षी मिकेल कोलिकी या ब्याण्णव वर्षांच्या, छळ सोसलेल्या फादरना कार्डिनल केलं गेलं. आल्बेनियाचे ते पहिले कार्डिनल. आणि १९९३ च्या त्या दीक्षासोहळ्याला मदर तेरेसाही होत्या, ज्यांना होजाच्या हयातीत तिरानात राहणाऱ्या आपल्या आईला आणि बहिणीला भेटता आलं नव्हतं. कोलकात्याची आल्बेनियन सिस्टर आणि आल्बेनियातला मुंबईकर आर्चबिशप. असं कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

८ नोव्हेंबर १९९६ रोजी डायस यांची मुंबईला नेमणूक झाली, कार्डिनल सायमन पिमेंटा यांच्या जागी. बत्तीस वर्षं बाहेर काढलेला माणूस घरी आला. इथे मी थोडं मोकळेपणाने बोलतो. मुत्सद्दी आर्चबिशप धर्मप्रांतात आला की आम्हा फादरांत कुजबूज असतेच: यांनी कधी धर्मग्राम (पॅरिश) चालवलंय का? पावसात गळणारं छप्पर, शाळेच्या प्रवेशावरून रुसलेले पालक, सणाच्या समितीतलं भांडण, हे काही तारेने रोमला कळवून सुटत नाही. ही तक्रार अगदीच खोटी नाही. मुत्सद्द्याला मोजकं बोलायची सवय असते, ती लोकांना तुटकपणा वाटते. उलट बाजू अशी, की कागद कुठे अडतो हे त्याला अचूक माहीत असतं. त्यांच्याच काळात, २२ मे १९९८ रोजी, मुंबईतून आमचा वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला. मराठी बोलणाऱ्या, शेतीवाडीच्या, जुन्या धर्मग्रामांच्या पट्ट्याला स्वतःचा बिशप मिळाला. नवा धर्मप्रांत करायचा तर हद्दी, धर्मग्रामं, फादरांची संख्या, उत्पन्न, सगळं मांडून फाईल दिल्लीला नुन्सिओंकडे आणि तिथून रोमला जाते. तिच्यावर सही करून पाठवणारा माणूस पूर्वी असल्या फायली घेणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला असेल, तर ती परत येण्याची शक्यता कमी.

फेब्रुवारी २००१ मध्ये ते कार्डिनल झाले. त्याच दिवशी लाल टोपी मिळालेल्यांत ब्युनोस आयर्सचे आर्चबिशप बेर्गोलिओ होते, पुढचे पोप फ्रान्सिस. २००६ मध्ये डायस यांना रोमला बोलावून सुवार्ताप्रसाराच्या खात्याचे प्रमुख केलं. वर लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच खातं. आता जगभरच्या मिशन-मुलखातल्या नुन्सिओंच्या तेर्ना त्यांच्या टेबलावर येऊ लागल्या. २०११ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले फर्नान्दो फिलोनी, जे २००३ मध्ये बगदादवर बॉम्ब पडत असताना नुन्सिओ म्हणून तिथेच थांबले होते. डायस १९ जून २०१७ रोजी रोममध्ये वारले.

हे काम सुरक्षित आहे असं मात्र समजू नका. बुरुंडीतले नुन्सिओ मायकल कोर्टनी यांना डिसेंबर २००३ मध्ये रस्त्यात गोळ्या घालून मारलं. सीरियातले मारिओ झेनारी युद्ध चालू असताना दमास्कसमध्ये राहिले. २०१६ मध्ये त्यांना कार्डिनल केलं आणि तरी तिथेच ठेवलं.

आता भाच्याबद्दल. या नोकरीला अर्ज नसतो. व्हॅटिकन अकॅडमीसाठी बिशपांकडे नावं मागतं किंवा बिशप स्वतः एखाद्याला सुचवतो, आणि बिशप आपला हुशार फादर सहजासहजी सोडत नाही. निवड झाली तर रोममध्ये काही वर्षं शिक्षण, कॅनन लॉ हवाच, डॉक्टरेट करून घेतात. इटालियन अनिवार्य, फ्रेंच किंवा स्पॅनिश आली तर उत्तम. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये नवा नियम केला: प्रत्येक उमेदवाराने आपल्या धर्मप्रांताबाहेर एक वर्ष मिशनच्या कामात काढायचं. डायस यांच्याबद्दलच्या कुजबुजीला हे उत्तरच म्हणायचं. त्यानंतर बदल्या, दर तीन-चार वर्षांनी नवा देश, आणि स्वतःच्या देशात सहसा नेमणूक नाही. नुन्सिओ व्हायला डायस यांना अठरा वर्षं लागली. केरळचे जॉर्ज कूवकाड २००६ मध्ये सेवेत आले, अल्जीरियापासून व्हेनेझुएलापर्यंत फिरले, मग पोपचे परदेश दौरे आखायला लागले आणि २०२४ मध्ये थेट कार्डिनल झाले. पण तो अपवाद आहे, त्याच्याकडे पाहून हिशेब मांडू नये. घरच्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी धरावी: आईच्या आजारपणात तो येईलच असं नाही.

भाच्याने 'मला राजदूत व्हायचंय' असं बिशपांना जाऊन सांगू नये. ज्या दिवशी त्याच्या नावाची चौकशी होईल, त्या दिवशी कुणी तरी नेमकं तेच वाक्य लिहून पाठवेल. त्याने इटालियन सुरू करावी आणि अभ्यासात पुढे राहावं. तो तत्त्वज्ञानाच्या वर्षात आहे की ईश्वरज्ञानाच्या, तेवढं कळवा. कॅनन लॉसाठी बंगळुरूचं सेंट पीटर्स बरं की थेट रोम, हे त्यावर अवलंबून आहे.